एक भागिले तीनशे : माळ्यावरचा एक आकडा आणि त्याचा माग

गेल्या हिवाळ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो आणि वहिनी मिनियापोलिसजवळ राहतात. त्यांनी नुकतंच एक जुनं घर घेतलंय, १९४० च्या दशकात बांधलेलं. पहिल्याच थंडीत गॅसचं बिल बघून दोघं हबकले. मग इन्सुलेशन करणारे दोन ठेकेदार येऊन माळा बघून गेले. एक म्हणाला, माळ्याच्या जमिनीवर इन्सुलेशन घाला, वरचा माळा थंडच राहू दे. दुसरा म्हणाला, छपराला आतून स्प्रे फोम मारून घ्या आणि माळा घराच्या आत घ्या. दुसऱ्याचं कोटेशन पहिल्याच्या कितीतरी पट होतं.

"तू घरांच्या इतिहासावरच पीएचडी करतेस ना," दादा म्हणाला. "मग सांग, फोम खाली मारू की वर?"

मी क्षणात उत्तर दिलं. "खाली. माळा हवेशीरच ठेवायचा असतो. संशोधनानं सिद्ध झालंय ते."

"कुठल्या संशोधनानं?"

दादा इंजिनिअर आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच होता. मी म्हणाले, संदर्भ पाठवते. माझ्या सिनॉप्सिसमध्ये अगदी हेच वाक्य होतं आणि त्याला फुटनोटही होती. फुटनोट उघडली. तिथे एका हँडबुकचं नाव होतं. त्या हँडबुकात एका जुन्या नियमावलीचा हवाला होता. आणि त्या नियमावलीत नुसता आकडा होता.

तो आकडा म्हणजे १/३००. आजचा लेख त्याच्याबद्दल आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी कुणाचा इमारतींशी काही संबंध नसला तरी वाचा. कारण असा एखादा आकडा तुमच्याही विषयात बसलेला असण्याची शक्यता आहे.

आधी माळा समजून घेऊ

आपल्याकडे माळा म्हटलं की जुनं कौलारू घर डोळ्यांसमोर येतं. आढं, वासे, त्यावर कौलं, आणि खाली फळ्यांचा माळा. कौलांच्या फटींतून वारा आत-बाहेर करतो, चुलीचा धूर निघून जातो. घर आणि बाहेरची हवा यांच्यात काटेकोर सीमा नसते, आणि कोकणच्या हवेत ती नसलेलीच बरी.

अमेरिकेच्या थंड भागातलं ॲटिक दिसायला तसंच, पण तिथे एक सीमा ठरवावी लागते. हिवाळ्यात घराच्या आत वीस-बावीस अंश तापमान आणि बाहेर उणे वीस. गरम घर कुठे संपतं आणि थंडी कुठे सुरू होते, याची एक रेषा आखावी लागते आणि इन्सुलेशन त्या रेषेवर घालावं लागतं. ॲटिकमध्ये ही रेषा आखायला दोन जागा आहेत.

पहिली जागा माळ्याच्या जमिनीवर, म्हणजे खालच्या खोलीच्या छताच्या पाठीवर. इथे इन्सुलेशन घातलं की माळा घराबाहेर पडतो. तो थंड राहतो, आणि वळचणीखालून व आढ्याजवळून वारा खेळायला झरोके ठेवतात. दुसरी जागा छपराच्या उतारावर, वाशांच्या मधे, छपराच्या फळ्यांना आतून चिकटून. इथे इन्सुलेशन घातलं की माळा घराच्या आत येतो आणि झरोके बंद करावे लागतात.

(या लेखात 'छत' म्हणजे खोलीचं सीलिंग आणि 'छप्पर' म्हणजे वरचा उतार, असं धरून चला. नाहीतर घोळ होईल.)

दोन्ही जागी एकाच वेळी अर्धवट काम केलं तर मात्र पंचाईत होते. उतारावर फोम मारला आणि झरोके उघडे ठेवले, तर थंड वारा फोमच्या आतल्या बाजूनं फिरतो आणि पैसे वाया जातात. म्हणून निवड करावीच लागते. आणि या निवडीत गेली ऐंशी वर्षं १/३०० हा आकडा मधे उभा आहे.

घरांना घाम का यायला लागला?

गोष्ट १९३० च्या दशकात सुरू होते. तोपर्यंत अमेरिकन लाकडी घरं फटींनी भरलेली असायची. खूप कोळसा जाळायचा, गरम हवा फटींतून निघून जायची आणि तिच्याबरोबर स्वयंपाकाची, आंघोळीची, माणसांच्या श्वासाची वाफही निघून जायची. पैसे जायचे, पण लाकूड कोरडं राहायचं.

मग भिंतींत आणि माळ्यावर इन्सुलेशन भरायला सुरुवात झाली. घरं उबदार झाली, आणि एक विचित्र तक्रार यायला लागली: बाहेरच्या लाकडी भिंतींचा रंग सोलून निघतोय. रंगाऱ्यांनी सरळ इन्सुलेशनला दोष दिला, की ते पाणी ओढतं म्हणून.

त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त कारण थोडं वेगळं होतं. इन्सुलेशनमुळे आतली उष्णता बाहेरच्या फळीपर्यंत पोहोचेनाशी झाली. फळी आधीपेक्षा जास्त थंड झाली. आतली वाफ मात्र वाट काढत तिथपर्यंत जातच होती, आणि थंड फळीला टेकली की तिचं पाणी व्हायचं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तसंच. माळ्यावर हेच छपराच्या फळ्यांना व्हायचं. कडक थंडीत त्या पाण्याचं दहिवर व्हायचं आणि ऊन पडलं की ते वितळून टपकायचं.

या प्रश्नावर त्या काळात तातडीनं काम झालं. वास्तुरचनाकार टायलर स्टुअर्ट रॉजर्स यांनी १९३८ मध्ये 'आर्किटेक्चरल रेकॉर्ड' या मासिकात इन्सुलेशन असलेल्या घरांमधलं हे पाणी कसं टाळावं यावर लेख लिहिला. मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक फ्रँक रॉली यांनी थंड केलेल्या बंदिस्त खोलीत छोटी चाचणी-घरं उभारून वाफ कुठून जाते आणि कुठे साचते हे मोजलं. दोन उपाय पुढे आले. एक, भिंतीच्या आणि छताच्या उबदार बाजूला वाफ अडवणारा थर घालायचा. दोन, माळ्यावर हवा खेळती ठेवायची, म्हणजे आलेली वाफ निघून जाईल.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. प्रयोग आहेत, मोजमापं आहेत, कार्यकारणभाव आहे. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी इथून थेट उडी मारून नियमावर पोहोचले होते. मधली पायरी मी बघितलीच नव्हती.

१९४२ : नियम आला, संदर्भ आला नाही

१९३४ मध्ये महामंदीच्या काळात अमेरिकेत फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था स्थापन झाली. ती घरं बांधत नसे. ती गृहकर्जाचा विमा उतरवायची. कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान सरकार भरून देणार. साहजिकच जे घर तारण आहे ते पंचवीस-तीस वर्षं टिकलं पाहिजे. म्हणून संस्थेनं घर कसं असावं याच्या किमान अटी घातल्या. त्या अटी पाळल्या नाहीत तर कर्जाला विमा नाही, आणि विमा नाही तर गिऱ्हाईक मिळणं अवघड.

या संस्थेच्या १९४२ च्या किमान अटींमध्ये माळ्याच्या झरोक्यांचा नियम येतो. छताच्या आणि छपराच्या मधल्या प्रत्येक पोकळीला कायमचे झरोके हवेत, आणि त्यांचं निव्वळ उघडं क्षेत्रफळ छपराच्या आडव्या क्षेत्रफळाच्या किमान १/३०० हवं.

हिशेब सोपा आहे. दादाच्या घराचा माळा साधारण १२०० चौरस फुटांचा. १२०० ला ३०० नं भागा, ४ चौरस फूट. म्हणजे वळचणीखाली दोन आणि आढ्याजवळ दोन चौरस फुटांची उघडी जागा असली की नियम पाळला गेला.

पण तीनशेच का? दोनशे किंवा पाचशे का नाही? नियमात त्याचं कारण नाही आणि कुठल्या प्रयोगाचा उल्लेखही नाही.

मी आधी असं समजत होते की हा आकडा राल्फ ब्रिटन यांच्या चाचण्यांमधून आला. सरकारी गृहनिर्माण संस्थेसाठी त्यांनी माळा आणि छपरातल्या ओलाव्यावर चाचण्या केल्या होत्या आणि नंतरच्या पुस्तकांमध्ये त्यांचं नाव या विषयाला जोडलेलं दिसतं. मग तारखा लावून बघितल्या. ब्रिटन यांचं काम १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. नियम १९४२ चा. पाच-सहा वर्षांनंतर झालेल्या चाचणीतून आधीचा नियम येऊ शकत नाही.

इतकी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, कारण हँडबुकात दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात होत्या आणि मी वाचताना त्यांच्यामध्ये मनानंच 'म्हणून' घातलं. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना प्रत्येक दाव्यापुढे फक्त साल लिहून एक उभी यादी करा. अशा चुका त्या यादीत लगेच दिसतात. मी ही यादी सिनॉप्सिस जमा केल्यानंतर केली. तुम्ही आधी करा.

हे मी शोधून काढलेलं नाही

दोन आठवडे मला वाटत होतं की आपल्या हाती घबाड लागलंय. सगळा देश ज्या आकड्यावर झरोके कापतो, त्याला आधारच नाही! प्रकरण दोनचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

मग विल्यम रोझ वाचले. इलिनॉय विद्यापीठातले हे संशोधक वास्तुरचनाकार. त्यांनी १९९० च्या दशकातच माळ्याच्या झरोक्यांच्या नियमांचा इतिहास लिहिलेला होता. १९४२ पर्यंत ते मागे गेले होते, आणि त्या नियमामागे कुठलाही संदर्भ दिलेला नाही हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पुढे २००५ मध्ये त्यांचं इमारतींमधल्या पाण्यावरचं पुस्तक आलं. म्हणजे माझं घबाड तीस वर्षांपूर्वीच कुणीतरी उघडून, नीट मांडून ठेवलं होतं.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं लेखन पुन्हा नीट वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. रोझ आणि त्यांचे सहकारी अँटन टेनवोल्ड यांनी १९९९ च्या एका निबंधात, माळ्याला झरोके हवेत यासाठी दिली जाणारी कारणं एकेक करून तपासली आहेत. ती कारणं चार: ओलावा जाण्यासाठी, वळचणीला बर्फाचे बांध साचू नयेत म्हणून, छपरावरचे डांबरी शिंगल टिकावेत म्हणून, आणि उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून.

१९४२ मध्ये चिंता मुख्यतः थंड हवेतल्या ओलाव्याची होती. बाकीची कारणं त्याच झरोक्यांना पुढे जोडली गेली. शिंगल बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी वॉरंटीच्या अटींमध्ये झरोके घातले. स्थानिक बांधकाम नियमावल्यांनी तो आकडा उचलला. आज जी आदर्श निवासी नियमावली राज्यं स्वीकारतात, तिच्यातही मूळ अट १/१५० आणि काही शर्ती पाळल्या तर १/३०० अशी आहे. आकडा जागच्या जागी राहिला आणि त्याच्यामागची कारणं बदलत गेली. मिनेसोटाच्या बर्फासाठी सुरू झालेला नियम फ्लोरिडाच्या दमट उन्हाळ्यातही लागू झाला, जिथे झरोक्यातून येणारी बाहेरची हवा बऱ्याचदा आतल्या हवेपेक्षा जास्त ओली असते.

माझं प्रकरण दोन आता या प्रवासाबद्दल आहे: उगम हरवलेला नियम इतकी वर्षं कशाच्या बळावर टिकतो? हा प्रश्न रोझ यांच्या कामामुळेच विचारता आला. आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलंय हे कळलं की विषय संपला असं समजू नका. बऱ्याचदा आपला प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मग फोम आला

आता दुसऱ्या ठेकेदाराकडे वळू.

पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत लेव्हरकुझेनला ओट्टो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलं. (कंपनीचं नाव बायर आणि यांचंही बायर, पण कंपनीच्या संस्थापक घराण्याशी यांचा संबंध नाही.) आयसोसायनेट आणि पॉलिऑल ही दोन द्रव्यं एकत्र आली की घट्ट होतात, आणि त्यात वायू तयार केला की ती फुगतात. पाणी घातलं तर आयसोसायनेटशी त्याची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस होतो. पुढे ही दोन द्रव्यं बंदुकीसारख्या नळीच्या तोंडाशी मिसळून जागेवरच फवारायची यंत्रं आली, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मागणी वाढली.

फोमचे मुख्य प्रकार दोन. ओपन सेल हलका, मऊ. घनता साधारण ८ किलो प्रति घनमीटर. वाफ त्यातून जाऊ शकते. क्लोज्ड सेल घट्ट, साधारण ३२ किलो प्रति घनमीटर. एक इंच जाडीत उष्णता जास्त अडवतो आणि पुरेसा जाड असेल तर वाफही बरीच रोखतो.

उताराच्या दृष्टीनं फोमचं महत्त्वाचं काम म्हणजे हवा अडवणं. काचतंतूच्या गाद्या वाशांच्या मधे बसवल्या तर त्यांच्या कडेनं आतली दमट हवा थंड फळीपर्यंत पोहोचतेच, म्हणून गादी आणि छपराच्या मधे वारा खेळता ठेवावा लागतो. फोम फळीलाच चिकटतो. हवा तिथपर्यंत जातच नाही. मग झरोक्यांचं काय काम, असा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे विचारता येऊ लागला.

तो विचारला गेला वाळवंटात. लास व्हेगससारख्या शहरांत तळघर नसतं. त्यामुळे एसीचे डक्ट माळ्यावरूनच जातात. उन्हाळ्यात तो माळा पन्नास-साठ अंशांवर तापतो, आणि त्याच भट्टीतून थंड हवेचे गळके डक्ट फिरवायचे! १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्मिन रड आणि जो लस्टिब्युरेक यांनी तिथल्या काही घरांची इन्सुलेशनची रेषा जमिनीवरून उतारावर नेली, झरोके बंद केले आणि तापमानं मोजली. १९९८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. उष्ण हवेत बंद माळा चालतो, डक्ट घराच्या आत आल्यानं ऊर्जेची गळती कमी होते, आणि छपराचं तापमान थोडंसंच वाढतं, असा त्याचा आशय.

२००६ च्या निवासी नियमावलीत बिनझरोक्याच्या माळ्यासाठी वेगळं कलम आलं. १९४२ पासून चालत आलेल्या नियमाला चौसष्ट वर्षांनी अधिकृत पर्याय मिळाला.

फोमवाल्यांचीही फुटनोट तपासा

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की गोष्टीचा नायक फोम आहे. मलाही काही दिवस तसं वाटलं. सेमिनारमध्ये मी उत्साहानं म्हणाले, "म्हणजे झरोक्यांचा नियम चुकीचा होता." माझ्या गाइड शांतपणे म्हणाल्या, "नियमाला संदर्भ नाही हे तू दाखवलंस. तो चुकीचा आहे हे कुठे दाखवलंस?"

ही दोन वेगळी विधानं आहेत. आकडा कुठून आला हे माहीत नसलं तरी तो उपयोगी असू शकतो. थंड प्रदेशात, माळ्याच्या जमिनीवर इन्सुलेशन आणि वर झरोके, ही पद्धत लाखो घरांमध्ये व्यवस्थित चालली आहे. छतातल्या फटी बुजवलेल्या असतील तर ती स्वस्त आणि टिकाऊ आहे. तीनशेऐवजी अडीचशे असतं तरी बहुधा फार फरक पडला नसता, आणि फटी उघड्या असतील तर दीडशेनंही माळा कोरडा राहिला नसता.

दुसऱ्या बाजूनं, उतारावरच्या फोमलाही अटी आहेत आणि त्या हवामानाप्रमाणे बदलतात. लास व्हेगसमध्ये मोजलेलं मिनियापोलिसला तसंच लावता येत नाही. नियमावलीनं अमेरिकेचे हवामान विभाग पाडलेत. थंडी वाढत जाते तसं छपराला चिकटून हवा अडवणारं जास्त इन्सुलेशन लागतं. विभाग १ ते ३ मध्ये सर्वसाधारणपणे आर-५ पुरतं. मिनियापोलिस विभाग ६ मध्ये येतं, तिथे आर-२५ हवं, म्हणजे साधारण चार इंच क्लोज्ड सेल. त्यापेक्षा पातळ फोम मारून आतून गाद्या लावल्या तर फोमचा आतला पृष्ठभाग हिवाळ्यात दवबिंदूच्या खाली जाऊ शकतो, आणि १९३० च्या दशकातला घाम परत येतो. ओपन सेल वापरला तर थंड विभागांमध्ये वाफ रोखणारा लेपही द्यावा लागतो.

दमट उष्ण भागातही अडचणी निघाल्या. बंद माळ्यावरची ओल आढ्याजवळ साचते असं आढळलं, म्हणून २०१८ च्या नियमावलीत विभाग १ ते ३ साठी आढ्याजवळ वाफ जाऊ देणारी पण वारा न येऊ देणारी खास जागा ठेवायची तरतूद आली. थोडक्यात, झरोके बंद करून वीस वर्षं झाल्यावर पुन्हा एक प्रकारचा झरोका आला.

शिवाय फवारताना निघणारं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं, त्यानं कामगारांना दमा होऊ शकतो. काम चालू असताना घरातल्यांनी बाहेर राहावं लागतं. उघडा फोम जळतो, म्हणून त्याला आगीपासून संरक्षण लागतं. आणि एकदा मारलेला फोम काढणं म्हणजे वाशांवरून खरवडत बसणं. खालच्या सैल इन्सुलेशनचं तसं नाही, ते उपसून काढता येतं.

पुन्हा कर्जच

या शेवटच्या मुद्द्याला ब्रिटनमध्ये अलीकडे फार महत्त्व आलंय. तिथे २०२० मध्ये घरांच्या ऊर्जाबचतीसाठी 'ग्रीन होम्स ग्रँट' ही सरकारी योजना आली आणि २०२१ च्या मार्चमध्ये नव्या अर्जांसाठी बंदही झाली. पण छपराला आतून स्प्रे फोम मारण्याचा धंदा तिच्या आधीपासून चालू होता आणि नंतरही चालला. काही वर्षांत अनेक घरमालकांना कळलं की आता आपलं घर विकता येत नाही. कारण तपासनीस माळ्यावर गेला की त्याला वासे दिसत नाहीत, फक्त फोम दिसतो. आतलं लाकूड सुकं आहे की कुजलंय हे तो सांगू शकत नाही. आणि तो सांगू शकत नाही म्हटल्यावर अनेक कर्जसंस्था त्या घरावर कर्ज द्यायला कचरतात किंवा सरळ नकार देतात. यातली सगळी घरं कुजलेली आहेत असं मुळीच नाही. ती तपासता येत नाहीत, एवढीच अडचण आहे.

हे वाचताना मला १९४२ आठवलं. तेव्हाही माळ्याचं काय करायचं हे शेवटी कर्जाला हमी देणाऱ्यानं ठरवलं होतं. प्रयोगशाळेत काय सिद्ध झालं आणि घरात काय बांधलं गेलं यांच्यामध्ये पैसे देणारा उभा असतो. त्याला एक साधी, टेप लावून मोजता येणारी गोष्ट हवी असते. १/३०० इतका टिकला याचं एक कारण मला हेच वाटतं: तो कुणालाही मोजता येतो. छतातल्या फटींतून किती हवा गळते, हे जास्त महत्त्वाचं असलं तरी १९४२ मध्ये निरीक्षकाला पट्टी लावून मोजता येत नव्हतं. माझ्या प्रबंधातलं माझं स्वतःचं म्हणणं, असलंच तर, ते एवढं आहे.

दादाला शेवटी काय सांगितलं?

महिनाभरानं मी त्याला फोन केला आणि आधी कबूल केलं की तेव्हा ठोकून दिलं होतं. मग प्रश्न विचारले. माळ्यावर डक्ट आहेत का? नाहीत, सगळे तळघरात. माळ्यावर खोली करायची आहे का? नाही, फक्त सुटकेसा ठेवायच्या. छप्पर गळतं का? नाही. वळचणीखालचे झरोके उघडे आहेत का? अर्धे जुन्या इन्सुलेशननं बुजलेत.

मग उत्तर जवळजवळ आपोआप आलं. उतार पंचेचाळीस अंशांचा असेल तर छपराचं क्षेत्रफळ जमिनीच्या सुमारे १.४ पट होतं, शिवाय दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती. एवढ्या सगळ्याला फोम मारून ज्या माळ्याचा काही उपयोग नाही तो गरम ठेवायचा. त्यापेक्षा जमिनीवर पाइप, वायरी, दिव्यांची भोकं, भिंतींची डोकी जिथे जिथे छत फोडून वर येतात तिथे थोडा फोम मारून फटी बुजवायच्या, झरोके मोकळे करायचे, आणि वर सैल सेल्युलोज भरपूर घालायचं. डक्ट वर असते किंवा खोली करायची असती, तर मी उताराच्या बाजूनं बोलले असते.

"म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलंस तेच," दादा हसला.

हो, उत्तर तेच होतं. फक्त तेव्हा मी ते एका रिकाम्या फुटनोटवरून दिलं होतं आणि आता त्याच्या माळ्याकडे बघून दिलं. दादाला कदाचित फरक पडला नाही. मला मात्र सिनॉप्सिसमधलं ते वाक्य बदलून गाइडना पत्र लिहावं लागलं.

जाता जाता तुमच्यासाठी एक गृहपाठ. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही असे अपूर्णांक आहेत. खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती भाग उघड्या खिडक्या हव्यात? उष्ण कोरड्या हवेत १/१०, उष्ण दमट हवेत १/६. संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली. दहा आणि सहा हे आकडे तिच्यात कुठून आले असतील? वास्तुरचना, स्थापत्य, इतिहास, सार्वजनिक आरोग्य, यांपैकी कुठल्याही विषयात पेट परीक्षेनंतरच्या मुलाखतीला जाणार असाल तर या प्रश्नावर एक दुपार ग्रंथालयात घालवून बघा. काही सापडलं तर खाली नक्की लिहा. सालासकट लिहा.